नव्या फर्निचरचा वास नेमका कशाचा असतो? इंटिरियरचं काम काढण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

थंडी पडायला लागली की मुंबई-पुण्याच्या हवेच्या बातम्या सुरू होतात. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली, साइटभोवती उंच पत्रे लावा, पाणी मारा, ट्रक झाका वगैरे, आणि तेव्हापासून मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, बघायची बऱ्याच जणांना सवयच लागलीये. चांगलंच आहे ते. पण हा एक्यूआय आठच गोष्टी धरतो: धुळीचे दोन प्रकार, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. आणि त्याही बाहेरच्या हवेतल्या. आपण ज्या बेडरूममध्ये रात्रभर दारं-खिडक्या लावून एसीत झोपतो तिथे नवीन वॉर्डरोब, नवीन बेड, नवीन पॉलिश यातून हवेत काय मिसळतंय ते कोणी मोजत नाही.

आणि कामं तर घरोघर निघालेली असतात. कुठे रिडेव्हलपमेंटचं पझेशन मिळालेलं, कुठे मुलाचं लग्न ठरलेलं, कुठे दिवाळीच्या आधी एकदा सगळं करून टाकू म्हणून सुतार आणि रंगारी एकदमच घरात शिरलेले. लाखो रुपये जातात. रंगाची शेड निवडायला पंधरा दिवस लागतात, पण कपाटाचा बोर्ड कुठल्या गोंदाने चिकटवलाय हा प्रश्न विचारला जात नाही, आणि जुनं फोडायच्या आधी ते खरंच फोडायला हवंय का हाही विचारला जात नाही. माझ्या मते आरोग्य आणि पर्यावरण या दोन्हीचं बरंचसं गणित या दोन प्रश्नांवरच ठरतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

वास म्हणजे काय

थिनर, टर्पेंटाइन, ऑइल पेंट, पॉलिश, लॅमिनेट चिकटवायचं रबर सोल्युशन, या सगळ्यांत अशी कार्बनी रसायनं असतात जी खोलीच्या साध्या तापमानालाच वाफ होऊन हवेत मिसळतात. त्यांना मिळून व्हीओसी म्हणतात. पुढे हा शब्द आला की एवढंच समजायचं, हवेत उडणारी रसायनं.

यातली बरीचशी वाळताना उडतात. रंग लावला, पहिले काही दिवस खूप वास, मग दोन-चार आठवड्यांत बहुतेक कमी. पण यांच्यातच फॉर्मल्डिहाइड नावाचा एक वायू आहे आणि त्याचं वागणं वेगळं आहे. स्वस्तातला प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यात लाकडाचे पातळ थर किंवा भुसा जो गोंद एकत्र धरून ठेवतो तो बहुतेक वेळा युरिया आणि फॉर्मल्डिहाइड मिळून बनलेला असतो. हा गोंद हवेतल्या दमटपणाने हळूहळू तुटत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा वायू सोडतो. फोडणी दिली की घरभर ठसका उठतो, पण गॅस बंद केला, खिडकी उघडली की दहा-पंधरा मिनिटांत निवळतो, तो झाला रंगाचा प्रकार. बोर्डाच्या बाबतीत कढई मंद आचेवर तशीच ठेवलेली असते, महिनोन् महिने, कधी काही वर्षंसुद्धा.

उष्णता वाढली की हा वायू जास्त सुटतो, दमटपणा वाढला की अजून जास्त. म्हणजे नागपूरचा मे महिना आणि मुंबई-कोकणातला जुलै, दोन्ही याला पोषक. युरोपातल्या थंड कोरड्या घरात जो बोर्ड कमी त्रास देईल तोच आपल्याकडे जास्त देऊ शकतो, आणि ब्रोशरवरचे आकडे मात्र लॅबमधल्या ठरावीक तापमानाचे असतात.

एक घडलेली गोष्ट, अमेरिकेतली

२००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कत्रिना वादळ आलं, लाखो लोक बेघर झाले आणि सरकारने त्यांना राहायला ट्रेलर दिले, म्हणजे चाकावरची छोटी घरं. आतलं फर्निचर, भिंती, फळ्या बहुतेक बोर्डाच्याच. लोकांना डोळे चुरचुरणं, खोकला, डोकेदुखी सुरू झाली. खूप तक्रारी झाल्यावर तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २००७ च्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत ५१९ ट्रेलर आणि तसल्याच तात्पुरत्या घरांतली हवा तपासली. सरासरी निघाली हवेच्या शंभर कोटी भागांत ७७ भाग फॉर्मल्डिहाइड, आणि सगळ्यात वाईट घरात ५९०. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा, घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, ही त्याच मापात साधारण ८० होते. म्हणजे वादळाला दोन वर्षं उलटून गेल्यावरही, आणि तेही थंडीच्या दिवसांत, सरासरी घर मर्यादेच्या काठावर होतं.

यानंतर २०१० मध्ये तिथे बोर्डांमधून किती फॉर्मल्डिहाइड निघू द्यायचं याचा कायदा झाला. त्यातले आकडे बघण्यासारखे आहेत. हवेच्या दहा लाख भागांत प्लायला ०.०५, पार्टिकल बोर्डाला ०.०९ आणि एमडीएफला ०.११ पर्यंत परवानगी. एमडीएफला प्लायच्या दुपटीहून जास्त सूट द्यावी लागली, कारण त्यात लाकडाचा अगदी बारीक तंतू असतो आणि तो धरून ठेवायला गोंदही भरपूर लागतो. आपल्याकडे सीएनसीने (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने) नक्षी काढलेलं जे एमडीएफ देवघरापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत सगळीकडे लागतंय ते हेच.

मग काय, कॅन्सर होणार का?

हा प्रश्न येतोच, तर नीट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं हे खरं आहे. पण त्यामागचा मुख्य पुरावा कारखान्यांत आणि इतर कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षं हा वायू घेणाऱ्या लोकांचा आहे. एका वॉर्डरोबमुळे कोणाला काही होईल असं म्हणणं बरोबर नाही आणि मी तसं म्हणत नाहीये. घरात जे प्रत्यक्ष दिसतं ते म्हणजे डोळ्यांची आग, घसा खवखवणं, डोकं जड होणं, आणि ज्याला दमा आहे त्याचा दमा उसळणं. लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचे पेशंट आणि दिवसभर घरातच असणारे आजी-आजोबा यांना हे जास्त लागतं. आणि टाळता येण्यासारखं असताना का सोसायचं, एवढाच मुद्दा आहे.

प्लाय घेताना काय बघायचं

दुकानात ज्याला कमर्शियल प्लाय किंवा एमआर म्हणतात त्यात सहसा तो युरियावाला गोंद असतो. मरीन किंवा बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० नंबरचा प्लाय, हा फिनॉलच्या गोंदाचा असतो. त्यातही फॉर्मल्डिहाइड आहेच पण तो गोंद एकदा पक्का झाला की सहज तुटत नाही, म्हणून वायू खूपच कमी सुटतो. याची परीक्षाच तशी कडक असते, एमआरचा तुकडा ६० अंशाच्या पाण्यात ३ तास टिकला तरी पास, मरीनला उकळत्या पाण्यात ७२ तास काढावे लागतात. म्हणजे लोक मरीन घेतात ते सिंकखाली पाणी लागतं म्हणून, पण त्याचा खरा जास्त उपयोग बेडरूममध्ये आहे जिथे आपण श्वास घेत झोपतो, आणि नेमकं तिथेच पैसे वाचवायला कमर्शियल लावला जातो.

फिनॉलच्या गोंदाची रेघ कडेने बघितली तर गडद, लालसर-काळपट दिसते. पण रंग घालूनही तसं दाखवता येतं त्यामुळे नुसतं बघून भागत नाही, शीटवर आयएसआय मार्क, आयएस नंबर आणि लायसन्स नंबर छापलेला असतो तो बघायचा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यायची. दुसरं म्हणजे ई-वन, ई-झिरो असं लिहिलेलं असतं. ते फॉर्मल्डिहाइड किती सुटतं त्याचे वर्ग आहेत, ई-झिरो म्हणजे ई-वनपेक्षा कमी. झिरो म्हटलं तरी शून्य नव्हे.

आणि एक गोष्ट जी कोणी फारशी सांगत नाही. वायू सगळ्यात जास्त सुटतो तो उघड्या पृष्ठभागातून आणि कापलेल्या कडांतून. सुतार बाहेरून छान सनमायका लावतो, आत मात्र बऱ्याचदा प्लाय उघडाच किंवा नुसता एक हात रंगाचा, मागची बाजू तर कोणी बघतच नाही. आतून पातळ लॅमिनेट आणि सगळ्या कडांना एज बँडिंग केलं, म्हणजे पट्टी चिकटवली, हँडलसाठी आणि बिजागरीसाठी पाडलेली भोकंसुद्धा बंद केली, तर त्याच बोर्डातून सुटणारा वायू बराच अडतो. खर्च थोडा वाढतो, पण पूर्ण मरीन परवडत नसेल तर हा मधला रस्ता चांगला आहे.

शेवटी आकाराचंही बघा. ८ बाय ४ च्या एका शीटच्या दोन्ही बाजू धरल्या तर ६४ चौरस फूट पृष्ठभाग होतो. दहा बाय अकराच्या खोलीत पूर्ण भिंतभर वॉर्डरोब, वर लॉफ्ट, स्टोअरेजचा बेड, साइड टेबल, टीव्ही युनिट, पॅनेलिंग असं सगळं बसवलं की खोलीत हवा कमी आणि बोर्ड जास्त अशी अवस्था होते. चांगल्या ग्रेडचा बोर्डसुद्धा खूप असेल तर बेरीज वाढणारच.

वास गेला म्हणजे संपलं ना?

नाही. नाकाला सवय होते, म्हणून घरच्यांना येत नाही पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला येतो.

झाडं ठेवली तर? नासाने १९८९ मध्ये झाडं हवेतली रसायनं शोषतात असं दाखवलं होतं, पण ते छोट्या बंद पेटीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले तर निघालं की घरात हवा जेवढी आपोआप आत-बाहेर होते तेवढा परिणाम झाडांनी साधायचा असेल तर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत कुंड्या लागतील. झाडं लावा, मनाला बरं वाटतं, पण स्नेक प्लांटच्या भरवशावर खिडकी बंद करू नका.

एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू पकडत नाही. वायूसाठी कोळशाचा फिल्टर लागतो, तोही जाड आणि वेळेवर बदललेला, आणि फॉर्मल्डिहाइड त्याला फारसं धरवत नाही. धूप, अगरबत्ती, रूम फ्रेशनर यांनी वास झाकला जातो पण हवेत भर पडते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त फॉर्मल्डिहाइड मीटर तर सॅनिटायझर किंवा परफ्यूमच्या वाफेलाही आकडा दाखवतात, त्यामुळे त्यावरून घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका.

जे खरंच चालतं ते साधं आहे, माल कमी आणि चांगला घ्यायचा, आणि हवा खेळती ठेवायची.

हवेची वाट आपणच बंद करतो

जुन्या घरांत दारा-खिडक्यांच्या वर झरोके असायचे, छत उंच असायचं, समोरासमोर खिडक्या असायच्या. आता पहिलं काम काय निघतं तर गॅलरी आत घ्यायची. हॉल मोठा दिसतो पण वाऱ्याची एक बाजू गेली. मग फॉल्स सिलिंग. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर लागते, एसीच्या खोलीला २.४ मीटर. नवीन इमारतींत आधीच उंची बेताची असते, त्यात सिलिंग आठ-नऊ इंच खाली आलं की पंखा डोक्यावर आल्यासारखा वाटतो आणि गरम हवेला वर जायला जागा उरत नाही. मग एसी लागतोच. आणि आपल्या घरातला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. नवीन फर्निचरची खोली रात्रभर अशी बंद ठेवली की सुटलेला वायू जाणार कुठे?

म्हणून झोपायच्या आधी आणि उठल्यावर समोरासमोरच्या खिडक्या किमान अर्धा तास उघडायच्या. डास येतात म्हणून लोक उघडत नाहीत, तर इंटिरियरच्या बजेटमध्ये सगळ्यात आधी जाळीचे शटर धरा, पॅनेलिंग नंतर. बाथरूम-किचनला एक्झॉस्ट फॅन चालू स्थितीत पाहिजे.

किचनची चिमणी घेताना तिचा पाइप बाहेर जातोय ना ते बघा. पाइप नसलेल्या चिमण्या तेल-धूर गाळून तीच हवा परत किचनमध्ये सोडतात, गॅसच्या ज्योतीतून तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड तसाच राहतो. डक्ट दिसायला वाईट दिसतो म्हणून तो टाळायचा हा निर्णय मला अजिबात पटत नाही.

रंगाचं काय?

रंग हा तुलनेने सोपा विषय आहे. भिंतीला पाण्यात मिसळणारं इमल्शन, दारं-ग्रिलना शक्यतो पाण्यावर आधारित इनॅमल, एवढं पाळलं तरी थिनर-टर्पेंटाइनचा मोठा भाग टळतो. युरोपात आतल्या भिंतींच्या मॅट रंगाला लिटरमागे ३० ग्रॅमपेक्षा जास्त व्हीओसी चालत नाही, २०१० पासून. आपल्याकडे डब्यावर लो व्हीओसी लिहिलेलं असेल तर लिटरला किती ग्रॅम हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. ओडरलेस म्हणजे व्हीओसी नाही असं नाही, वास न येणारी रसायनंही असतात. आणि दुकानात मशीनवर शेड बनवताना जे रंगद्रव्य टाकतात त्यातूनही व्हीओसी वाढतात, गडद शेडला जास्त. बरेचदा वरचा रंग भारीतला घेतात आणि खालचा प्रायमर ऑइलवाला असतो, मग काय उपयोग.

शेणापासून बनवलेला खादी प्राकृतिक पेंट २०२१ च्या जानेवारीत नितीन गडकरींच्या हस्ते बाजारात आला, खादी ग्रामोद्योग आयोगाचा. डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही मिळतं, जवळपास मिळत असेल तर एका खोलीत करून बघायला हरकत नाही. आणि आपला साधा चुना विसरू नका. त्यात व्हीओसी नसतात, आणि तो इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला धरायला जमत नाही. फक्त आधीच्या प्लास्टिक पेंटवर तो बसत नाही, खरवडून प्लास्टरपर्यंत जावं लागतं.

ओलीबद्दल दोन शब्द बोलतोच, कारण महाराष्ट्रात पाऊस चार महिने असतो. भिंतीला ओल आहे आणि त्यावर पुट्टी मारून, वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनेल लावून झाकायचं, हे सर्रास चालतं. पॅनेलच्या मागे बुरशी वाढत राहते आणि तिचे कण घरभर. दमा आणि ॲलर्जीच्या दृष्टीने ओल हा रंगापेक्षा मोठा प्रश्न आहे. बाहेरची भेग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वरच्यांच्या बाथरूमचं लिकेज, हे आधी. त्यासाठी सोसायटीशी भांडावं लागलं तरी भांडा. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय वर काहीच लावू नका.

आता जुन्या रंगाची गोष्ट, आणि ही खरंच जपायची आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खासकरून पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं असायची बरीच शक्यता. जुनी दारं, खिडक्या, ग्रिल रंगारी कोरड्या पॉलिश पेपरने घासतो, ती पावडर जमिनीवर पडते आणि रांगणारं मूल ती बोटांनी तोंडात घेतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा जो परिणाम होतो तो परत भरून निघत नाही. म्हणून घासकाम ओल्या पेपरनेच करायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा, आणि त्या दिवसांत मुलांना, गरोदर बाईला दुसरीकडे ठेवा. जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर ते ग्राइंडरने कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, अख्खेच उतरवा.

काढायचंच कशाला?

इथे आरोग्य आणि पर्यावरण एकाच बाजूला उभे राहतात आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या सात-आठ टक्के फक्त सिमेंट बनवण्यातून येतो. टाइल भाजायला गॅस जळतो, ॲल्युमिनियमला प्रचंड वीज लागते. जी फरशी आपण फोडत नाही तिच्यासाठी यातलं काहीच लागत नाही. आणि जे कपाट वीस वर्षं जुनं आहे त्यातला बहुतेक वायू केव्हाच निघून गेलेला असतो, त्यामुळे ते हवेच्या दृष्टीनेही नव्यापेक्षा चांगलं.

आपल्याकडच्या किचनमध्ये कडप्प्याच्या मांडण्या असतात. दगड, वाळवी नाही, फुगणं नाही, गोंद नाही, पन्नास वर्षं हलत नाहीत. त्या फोडून तिथे पार्टिकल बोर्डाची ट्रॉली बसवतात जी दोन-तीन पावसाळ्यांत सिंकखालून फुगायला लागते. कडप्पा तसाच ठेवून फक्त पुढे शटर लावता येतात, आत स्टीलच्या बास्केट बसतात. मोझेकची फरशी मशीनने घासून पॉलिश केली की नवी दिसते, तुटलेल्या दोन-चार लाद्यांच्या जागी जुन्या पाडकामातल्या मिळतात. शहाबादीचंही तेच. टाइलवर टाइल बसवायचा पर्याय आहे, फोडाफोड वाचते, पण स्लॅबवर वजन वाढतं म्हणून जुन्या इमारतीत इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

घरोघरी असतं ते स्टीलचं गोदरेजचं कपाट तर हमखास काढलं जातं, नव्या खोलीत शोभत नाही म्हणून. त्याचे पत्रे घासून पावडर कोटिंग करून घ्या, हव्या त्या रंगात मिळतं. जुन्या सागवानी पलंगाला, दाराला रंधा मारून, जवसाचं तेल किंवा लाखेचं पॉलिश दिलं की काम होतं. (जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पाण्यात भिजवून मग टाका.) मुंबईत ओशिवरा, पुण्यात भवानी पेठेच्या लाकूड बाजाराकडे जुनं लाकूड मिळतं, वाड्यांमधून निघालेलं सागवान आज नव्याने विकत घ्यायचं म्हटलं तर परवडणार नाही. फक्त वाळवी आणि ढेकूण नीट बघून घ्या.

आणि पंखे. हे बदलण्यासारखं आहे. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास, वर्षात ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात.

हे सगळं श्रीमंतांचे चोचले आहेत असं नाही का?

हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय आणि तो रास्त आहे, कारण ग्रीन, इको, ऑरगॅनिक असं लिहिलेला माल महागच असतो. पण वर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं काहीतरी न करण्याबद्दल आहे. फॉल्स सिलिंग एकाच खोलीत केलं, टीव्हीच्या मागचं पॅनेलिंग गाळलं, कडप्पा ठेवला, तर वाचलेल्या पैशांत बेडरूमला मरीन प्लाय सहज बसतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर बिल्ट-इन करायचंच नाही, लोखंडी किंवा लाकडी सुटं फर्निचर घ्यायचं, घर बदललं की सोबत नेता येतं. लेबलच्या बाबतीत एवढंच, पानाचं चित्र काढून कोणीही ग्रीन लिहू शकतो, ग्रीनप्रो किंवा सरकारचा इकोमार्क अशी तपासणी करून दिलेली खूण असेल तर तिला अर्थ आहे.

जे लोक काम करतात त्यांचं

आपण राहायला जाऊ तेव्हा वास अर्धा गेलेला असतो. सगळ्यात जास्त घेतो तो सुतार आणि रंगारी, जे बरेचदा त्याच बंद फ्लॅटमध्ये झोपतात. मेलामाइन पॉलिशमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं, स्प्रेने मारायच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात ज्यांनी कामगारांना कायमचा दमा लागू शकतो. ओट्यासाठी आता जो क्वार्ट्झ लोकप्रिय होतोय, म्हणजे दगडाची पूड रेझिनमध्ये दाबून केलेला कृत्रिम दगड, त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकते. तो कोरडा कापला की बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर बरं करणारं औषध नाही. कापणारी तरुण माणसं आजारी पडायला लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे तो गॅलरीत बसून, तोंडाला रुमाल बांधून कापला जातो. रुमालाने ही धूळ थांबत नाही. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते पण बरीच कमी, आणि कडप्पा आधीच असेल तर प्रश्नच नाही. कापायचंच असेल तर पाणी सोडत कापा आणि एन-९५ मास्क आपण आणून द्या, लाखोंच्या कामात तो खर्च दिसतही नाही.

कोटेशनवर सही करण्याआधी

तोंडी बोललेलं काम चालू झालं की विसरलं जातं, म्हणून लिहून घ्यायचं. प्लायचा आयएस नंबर आणि ग्रेड, आतून लॅमिनेट आणि सगळ्या कडांना बँडिंग, लॅमिनेट चिकटवायला पांढरा डिंक (ज्याला सगळे फेविकॉलच म्हणतात), रबर सोल्युशन फक्त जिथे इलाज नाही तिथे, प्रायमरसकट सगळा रंग पाण्याचा, घासकाम ओलं. कामाचा क्रमही महत्त्वाचा: आधी ओल आणि प्लंबिंग, मग फर्निचर, मग रंग, आणि गाद्या, पडदे, सोफे सगळ्यात शेवटी, कारण कापड हवेतली रसायनं शोषून घेतं आणि नंतर सोडत बसतं. गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला असेल तर पूजा त्या दिवशी करा, पण मुक्काम लगेच हलवू नका, जमलं तर तीन-चार आठवडे कपाटांची दारं आणि ड्रॉवर उघडे टाकून, खिडक्या उघड्या ठेवून घर तसंच राहू द्या. घरात तान्हं बाळ येणार असेल तर त्याची खोली बाळंतपणाच्या ऐन तोंडावर सजवू नका, चार-पाच महिने आधी करा किंवा राहू द्या.

आणि राडारोडा कुठे जाणार हे त्याच कागदावर लिहून घ्या. बांधकाम कचऱ्याचे केंद्राचे नियम २०१६ पासून आहेत, मुंबईत महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, पुण्यात वाघोलीला प्रक्रिया केंद्र आहे. टेम्पोवाल्याला हातात पैसे दिले आणि पावती मागितली नाही तर आपल्या बाथरूमच्या फुटक्या लाद्या मुठेच्या काठावर नाहीतर खाडीच्या कांदळवनात जातात. पावती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.